सूरगडाखालच्या विहिरीवर, भिंग घेऊन

सूरगडाची वाट सगळ्यांच्या माहितीची आहे. मुंबई-गोवा महामार्गावर कोलाडच्या अलीकडे खांब, तिथून वैजनाथ, घेरासुरगड आणि मग चढण. वर तोफ, टाकी, कातळातला हनुमान. सिद्दी, आंग्रे, पेशवे यांची ओढाताण कुठल्याही दुर्गपुस्तकात मिळेल.

मला सांगायचंय ते पायथ्याच्या विहिरीचं. गडावर स्पीकर लावून बसलेली टोळकी आणि वेफर्सची पाकिटं बघून आम्ही लवकरच उतरलो. गावाबाहेर नव्याने खणलेली विहीर होती, काठावर काळ्या दगडांचा ढीग. एका फुटक्या धोंड्यात लिंबाएवढी पोकळी दिसली. कडेला हिरवट पापुद्रा, त्यावर बारीक कण्यांची पारदर्शक गार, आणि मधोमध फिकट गुलाबी स्टिलबाइट, मध्ये आवळलेल्या भाताच्या पेंढीसारखं. भिंग लावलं आणि पुढचा तासभर कुणी जागचं हललं नाही.

शेताचे मालक काका आले. विचारलं, तर म्हणाले, "न्या की. फक्त बांधाचे दगड हलवू नका."

साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिलं आणि थरावर थर बसले. म्हणून पोकळी कडेकडून आत वाचत जायची. ओढ्यातल्या गोट्यांत स्टिलबाइटसारखं मऊ झिओलाइट घासून जातं, कठीण गार तेवढी टिकते. विहिरीचा दगड ताजा असतो, म्हणून त्यात नाजूक स्फटिकही शाबूत मिळतात. घरी आणलेल्या तुकड्याच्या कोपऱ्यावर चाकूचं टोक ओढून बघा: गारेवर ओरखडा उठत नाही, स्टिलबाइटवर उठतो. कॅल्साइटवरही उठतो, पण त्याच्या चुऱ्यावर लिंबू पिळलं की बुडबुडे येतात.

हातोडी मात्र घरीच ठेवा. गडाच्या कातळावर हातोडी चालवणारा आणि बुरुजावर नाव कोरणारा यांच्यात मला फरक दिसत नाही, मग तो स्वतःला कितीही 'खरा ट्रेकर' म्हणवो. राखीव जंगलातला दगडसुद्धा 1927 च्या वन कायद्याने वनोपज ठरतो, परवानगीशिवाय उचलायचा नाही. फणसाड अभयारण्यात तर फोटोवरच समाधान मानायचं. पेणकडच्या खाणींत सुरुंग लागतात. मालकाने स्वतः आत नेलं तरच जावं, तेही हेल्मेट घालून. आणि कोलाडला कुंडलिकेच्या पात्रात गोटे शोधायला उतरणार असाल, तर भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून पाणी कधी सुटतं ते आधी गावात विचारा. ज्या पाण्यावर राफ्टिंग चालतं, ते आभाळ कोरडं असतानाही चढतं.

पावसाळा सरल्यावर जा. एकाने मुठीएवढा एकच नमुना घ्यावा, बाकीचे ढिगावर राहू द्यावेत. तो आधी मऊ कागदात, मग वर्तमानपत्रात गुंडाळा. सुईसारख्या स्फटिकांना बोट लावू नका, ब्रश तर नाहीच. इतर नमुने साध्या पाण्याने धुवा, अ‍ॅसिड वापरू नका. उन्हातही ठेवू नका. लोमोंटाइटसारखं खनिज पाणी गमावून चक्क भुकटी होतं. सोबत चिठ्ठी हवीच: गाव, विहीर की खाण, किती खोलीवरचा दगड, तारीख. खोली विहीर खणणाऱ्यांनाच विचारा, त्यांना कुठल्या हातावर काय लागलं ते नेमकं आठवतं.