चावी देण्याआधी

बेंगळुरूतल्या पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. दरवर्षी सोळा-सतरा वर्षांची नवी मुलं समोर येतात आणि त्यांतली काही परीक्षेआधी गाडीपायी कोर्टाची पायरी चढतात. गाडी जप्त झालेली मुलं, रजा टाकून कोर्टात उभे राहिलेले वडील, आरटीओची नोटीस घेऊन स्टाफरूममध्ये आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. त्यातून जे उमगलं ते आईवडिलांना सांगावंसं वाटतं.

१. पंचवीस हजारांपेक्षा पंचविसावं वर्ष मोठं. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ लागू झालं. अठराखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी ठरतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. शिवाय गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. पालक दंडाचाच धसका घेतात. पण त्याच कलमानुसार मुलाला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत साधं लर्निंग लायसन्सही मिळत नाही. डिग्री झाली, व्हाइटफील्डला नोकरी लागली, तरी गाडी चालवता येणार नाही. वर्गात दंडाची रक्कम सांगितली तर मुलं हसतात. ही सात-आठ वर्षं फळ्यावर मोजून दाखवली की गप्प होतात. घरीही हेच मोजून दाखवा.

२. ‘आम्हाला न विचारता नेली’ एवढं पुरत नाही. मुलाने गाडी नेली ती पालकाच्या संमतीनेच, असं कोर्ट गृहीत धरून चालतं. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेपूर काळजी घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावर असते. दाराजवळच्या खुंटीला दिवसभर लटकणारी चावी अशा वेळी आपल्या बाजूने साक्ष देत नाही. ती कपाटात ठेवा आणि का ठेवली ते मुलालाही सांगा.

३. बहुतेक गाड्या मौजेसाठी नाही, ट्यूशनसाठी दिल्या जातात. कॉलेज चारला सुटतं, पाचला सीईटीचा क्लास, मधे बेंगळुरूचं ट्रॅफिक. आईवडील दोघंही ऑफिसात. त्यांची ओढाताण मला समजते. पण क्लास निवडतानाच बस आणि मेट्रोचा मार्ग पाहिला, तर हा प्रश्न निम्मा सुटतो. जून २०२३ पासून कर्नाटकाच्या शक्ती योजनेत मुलींना बीएमटीसीच्या साध्या शहर बसमध्ये तिकीट लागत नाही. विद्यार्थ्यांना बसपासही मिळतो. दोन क्लास सारखेच चांगले असतील, तर मुलाला स्वतःच्या पायांनी पोचता येईल तो घ्या.

४. ‘बिनगिअरची आहे, चालते’ हा समज काढून टाका. सोळाव्या वर्षी कायदा परवानगी देतो ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची, तीही पालकांच्या लेखी संमतीने काढलेल्या लायसन्सवर. ही तरतूद लुनाच्या काळाला शोभणारी होती. आज घरोघरी दिसणारी स्कूटर ११० सीसीच्या आसपासची असते. इलेक्ट्रिकचंही तसंच. ज्यांची मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, त्यांनाच लायसन्स लागत नाही. बाकीच्या इलेक्ट्रिक स्कूटर कायद्याने मोटार वाहनंच आहेत. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, कागदावरचे आकडे वाचा.

५. कल्याणीनगरचा अपघात घरात बोलायचा विषय आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा होता. गाडी बेंगळुरूच्या डीलरकडून आलेली, तात्पुरती नोंदणीही इथलीच. म्हणून आमच्या वर्गात त्यावर खूप बोलणं झालं. जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध होता, याचा मुलांना फार राग आला होता. तो रास्तच होता. मी त्यांना आणखी एक प्रश्न विचारला: गाडी त्याच्या हाती आली कशी? पुढची सगळी चर्चा मोठ्या माणसांबद्दल झाली. मुलांना हे दिसतं. आपणही पाहायला हवं.

६. अठरा पूर्ण झाले तरी लायसन्स जाऊ शकतं. ट्रिपल सीट किंवा बिनहेल्मेट सापडल्यास दंडाबरोबर ३ महिने लायसन्स निलंबित करण्याची तरतूद आहे. बेदरकार चालवणं, दारू पिऊन चालवणं, अतिवेग यांतही पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. निर्णयाआधी म्हणणं मांडायची संधी मिळते, तेव्हा नोटिशीला वेळेत उत्तर द्या. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करता येतं. निलंबनाच्या काळात ‘फक्त कोपऱ्यापर्यंत’ म्हणूनही चावी देऊ नका. पकडलं गेल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. निलंबनानंतर उजळणी प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते मन लावून करायला सांगा, मुलाच्या खरं उपयोगाचं तेच आहे.

७. मधल्या पायऱ्या घरात बांधा. न्यूझीलंडने १९८७ पासून तरुणांना टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायला सुरुवात केली. आधी शिकाऊ, मग रात्री चालवण्यावर आणि सोबत कोणाला घ्यावं यावर बंधनं असलेलं, शेवटी पूर्ण. ब्रिटनमध्ये नव्या चालकाने दोन वर्षांत ६ पेनल्टी पॉइंट गोळा केले की लायसन्स रद्द होतं आणि परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागते. आपल्याकडे काल पूर्ण बंदी आणि आज पूर्ण मोकळीक. मधलं काम कायदा करत नाही, म्हणून ते घराने करावं. पहिलं वर्ष रात्री नऊनंतर गाडी नाही. मित्र मागे बसवायचा नाही. पावसात आउटर रिंग रोडवर जायचं नाही. आणि नियमामागचं कारणही सांगा: वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. माझ्या विषयातला हाच धडा मी दरवर्षी दोनदा शिकवते.

लर्निंग लायसन्स ६ महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परीक्षेला बसता येतं. एकतिसाव्या दिवशी रांगेत उभं राहायची घाई करू नका. ते सहाही महिने मुलाला द्या. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर जा, पुढे ट्रॅफिकमध्येही तो कसा वागतो ते पाहा आणि मगच परीक्षेची तारीख घ्या.