पेरणाऱ्याची झोप

शास्त्राभ्यास
वाचन : मार्क 4:26-29, प्रेषितांची कृत्ये 12:1-11, फिलिप्पै. 2:12-13



सेवाकार्याला हातभार लावणारे पुष्कळ जण मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात : "सर्व काही प्रभूच्या स्वाधीन करा, असे उपदेशात ऐकतो. मग आपण करायचे काय? हातावर हात ठेवून बसायचे का?" प्रश्न प्रामाणिक आहे. वसतिगृहातल्या मुलांसाठी कोणीतरी चूल पेटवावीच लागते. पाड्यावरच्या आजारी बाईला दवाखान्यात न्यायला कोणीतरी गाडी काढावीच लागते. म्हणून स्वाधीन होणे म्हणजे काय आणि काय नव्हे, हे शास्त्रातून पाहू या.

1. दोन टोके माणसाची, मधली वाढ देवाची

आपोआप वाढणाऱ्या बीजाचा दाखला चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कने दिला आहे. एक माणूस बी टाकतो. मग तो रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी रुजते, वाढते. ते कसे, हे त्याला कळत नाही. आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पीक तयार होताच तो विळा घालतो.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर नागली करणाऱ्या आपल्या बांधवांना हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्याआधी पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून ते राब भाजतात. पाऊस पडला की रोपे तयार होतात, मग वाकून वाकून आवणी करतात. कष्टात कसूर नसते. पण मुळे धरली की नाही, हे बघायला रोप उपटून पाहणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. तसे केले तर रोपच मरेल, हे त्याला ठाऊक असते.

पेरणी माणसाची, कापणी माणसाची. मधली वाढ मात्र देवाची. आपली दमछाक बहुधा पेरणीने होत नाही. ती होते मधला भाग आपल्या हाती घेण्याच्या धडपडीने.

2. आपोआप उघडलेला दरवाजा

या दाखल्यात "आपोआप" यासाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, तो संपूर्ण नव्या करारात दोनच वेळा येतो. दुसरे स्थळ आहे प्रेषितांची कृत्ये 12:10. पेत्राला तुरुंगातून बाहेर नेताना शहराकडचा लोखंडी दरवाजा आपोआप उघडला, असे तेथे म्हटले आहे.

त्या रात्री पेत्र काय करत होता? दोन शिपायांच्या मध्ये, साखळ्यांनी बांधलेला, तो झोपला होता. दुसऱ्या दिवशी हेरोद त्याला लोकांपुढे आणणार होता. त्याच अध्यायाच्या आरंभी हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले आहे. म्हणजे आपल्यासाठी दरवाजा उघडेलच, अशी खात्री पेत्राजवळ नव्हती. याकोबासाठी तो उघडला नव्हता, आणि याकोबाचा विश्वास कमी होता असे शास्त्र कोठेही सुचवत नाही. पेत्राची झोप परिणामाच्या खात्रीवर टेकलेली नव्हती; ती प्रभूवर टेकलेली होती.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. देवदूताने पेत्राला कंबर बांधायला, वहाणा घालायला आणि मागे यायला सांगितले. साखळ्या गळून पडल्या, दरवाजा उघडला, पण वहाणा पेत्रालाच घालाव्या लागल्या. इकडे मंडळीही एकाग्रतेने प्रार्थना करत होती. विश्वास म्हणजे आळस नव्हे.

3. पंडिता रमाबाईंची साक्ष

आपल्या महाराष्ट्राने हे एका जीवनात पाहिले आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. विद्वत्ता होती, सेवा होती, त्यागही होता. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाची साक्ष त्यांनी नंतर लिहिली. आपल्या प्रयत्नांवरचा भार सोडून त्यांनी तो ख्रिस्तावर टाकला.

त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या का? 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी ते काम त्यांनी 1922 मधील मृत्यूपूर्वी पुरे केले. स्वाधीन झाल्यावर काम घटले नाही. बदलला तो कामाचा पाया. पौल फिलिप्पैकरांना हेच सांगतो : तुम्ही झटा, कारण तुमच्यामध्ये कार्य करणारा देव आहे.

4. मग सोडायचे काय?

पहिले, देवाने आपल्याला स्वीकारावे म्हणून चाललेली कमाई. वर्गणी, उपास, सेवा यांनी कृपा विकत मिळत नाही. ती वधस्तंभावर आधीच देण्यात आली आहे.

दुसरे, फळाचा हिशेब. पौलाने लावले, अपुल्लोसने पाणी घातले, वाढ देवाने दिली (1 करिंथ. 3:6).

तिसरे, माणसांवरचा हक्क. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण आपल्या यशासाठी झटू लागलो की वसतिगृहातला मुलगा आपल्या अहवालातला आकडा होतो. दहावीत नापास झालेल्या मुलीचे दुःख बाजूला राहते आणि "आता देणगीदारांना काय सांगायचे?" ही चिंता पुढे येते. पण ती मुलगी प्रभूची आहे. आपले यश प्रभूच्या हाती दिले, तरच तिच्या शेजारी बसून तिचे ऐकायला आपल्याला सवड मिळते.

कुटुंबात व गटात चर्चेसाठी

1. या आठवड्यात तुमच्या वाट्याची पेरणी कोणती? देवावर सोपवायची वाढ कोणती?
2. रुजले की नाही हे पाहण्यासाठी तुम्ही वारंवार उकरून पाहता, असे एखादे काम किंवा माणूस आहे का?
3. याकोब मारला गेला, पेत्र सुटला. दोघांचा प्रभू एकच, हे मनात धरून तुम्ही आज कोणासाठी प्रार्थना कराल?

प्रार्थना : हे प्रभू, पेरायला आम्हांला बळ दे, आणि पेरून झाल्यावर शांत झोप दे. पीक तुझे आहे, शेत तुझे आहे, आम्हीही तुझेच आहोत. आमेन.