ओस पेठ पुन्हा कशी भरली?

बाजारपेठ ओस पडणें म्हणजे नुसतीं चार दुकानें बंद होणें नव्हे. वाणी उठून गेला म्हणजे गरिबास मिळणारी उधारी गेली. शिंपी गेला म्हणजे त्याच्या हाताखालीं शिकणारा पोरगा शहरास गेला. हें दुःख केवळ आपल्याच खेड्यांचें आहे असें वाचकांनीं समजूं नये. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येस, गॅलोवे प्रांतांत, विगटाऊन नांवाचें सुमारें एक हजार वस्तीचें गांव आहे. त्याची हकीकत या पाठांत पाहूं.

विगटाऊन हें पूर्वीं जिल्ह्याचें मुख्य ठिकाण होतें. रुंद पेठ, मध्यें हिरवळ, जवळच कचेरीची भव्य इमारत. पुढें १९५० सालीं उतारूंची आगगाडी बंद झाली व १९६४ सालीं मालगाडीही थांबली. लोण्याचा कारखाना गेला. १९९३ सालीं शेजारच्या ब्लॅडनॉकची दारूची भट्टी बंद पडली. (भट्टीबद्दल आम्हांस हळहळ नाहीं, तीवर पोट भरणाऱ्यांबद्दल आहे.) पेठेंतील घरें रिकामीं पडलीं.

वेल्समधील हे-ऑन-वाय गांवीं रिचर्ड बूथ यांनीं १९६० नंतर जुन्या पुस्तकांचा व्यापार वाढवून तें गांव प्रसिद्ध केलें होतें. तसें एक गांव स्कॉटलंडांत व्हावें म्हणून शोध सुरू झाला, आणि अनेक गांवांतून विगटाऊनची निवड होऊन १९९८ पासून तें ‘पुस्तकांचें गांव’ म्हणून ओळखलें जाऊं लागलें.

यांतील युक्ति नीट ध्यानांत घ्यावी. ओसाड पेठेंत जागा स्वस्त असते, म्हणून थोड्या भांडवलाचा मनुष्यही दुकान मांडूं शकतो. जुनें पुस्तक भाजीप्रमाणें नासत नाहीं. गिऱ्हाइकाची वाट पाहतें. एका दुकानासाठीं दूरचा मनुष्य येणार नाहीं, पण दहा दुकानें शेजारीं शेजारीं असलीं तर येईल. आणि आला म्हणजे त्यास चहा, भाकरी व रात्रीं अंथरूण लागेलच. १९९९ पासून तेथें दरवर्षीं ग्रंथोत्सव भरतो व गांवकरी त्यांत बिनपगारी राबतात. मोडकळीस आलेली कचेरी सार्वजनिक पैशानें दुरुस्त होऊन २००३ सालीं उघडली.

पैशाविषयीं एक गोष्ट विशेष शिकण्याजोगी आहे. स्कॉटलंडांत २००३ सालीं झालेल्या कायद्यानें खेड्यांतील लोकांस असा हक्क मिळाला कीं, त्यांनीं आपली संस्था स्थापून एखाद्या जागेची आगाऊ नोंद केली, तर मालक ती विकूं लागतांच पहिली संधि त्या संस्थेस मिळावी. खरेदीपूर्वीं गांवकऱ्यांचें मत घ्यावें लागतें. अशा खरेदीस स्कॉटिश लँड फंडाकडून मदतही मिळते.

तथापि पुस्तकांचा धंदा सोपा नव्हे. घरबसल्या इंटरनेटवर पुस्तकें मिळूं लागल्यापासून पुस्तकविक्रेत्यांस जड जातें. म्हणून एकाच मालावर सारी पेठ टांगणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

सातारा जिल्ह्यांतील भिलार येथें ४ मे २०१७ रोजीं असेंच पुस्तकांचें गांव सुरू झालें. तेथें पुस्तकें शासनानें दिलीं व गांवकऱ्यांनीं आपल्या घरांत जागा दिली. परंतु तेथें पुस्तकें विकत नाहींत, वाचक बसून फुकट वाचतो. मग घरमालकास लाभ कशाचा? याचा विचार वर्गांत करावा.

पाठ शिकवितांना वर्गास असें विचारावें: आपल्या पेठेंत किती दारांस कुलुपें आहेत? त्यांच्या किल्ल्या कोणाजवळ आहेत? आणि बाहेरचा मनुष्य एक दिवस मुद्दाम येईल, असें आपल्याजवळ काय आहे?