फायबरग्लासच्या जुन्या होडीचे आतील आधार : तपासणी व दुरुस्ती

हिंगोली जिल्हा समुद्रापासून फार दूर असला, तरी होडी ही येथील अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे. पूर्णा नदीवरील येलदरी व त्याखालील सिद्धेश्वर ही दोन्ही धरणे १९६८ साली पूर्ण झाली. पैनगंगेवरील इसापूर जलाशय हिंगोली व यवतमाळ या जिल्ह्यांच्या सीमेवर पसरला आहे. या पाण्यात रोहू, कटला व मृगळ यांची मासेमारी करणारे मच्छीमार, तसेच पलीकडच्या काठावर शेत असलेले काही शेतकरी, लहान होड्या वापरतात. लाकडी होडीस दरवर्षी डांबर व तेल द्यावे लागते. फायबरग्लासच्या होडीस तसे काही लागत नाही, म्हणून ती लोकप्रिय झाली. मात्र ‘हिला काही करावे लागत नाही’ या समजुतीनेच पुष्कळ होड्या अकाली निकामी होतात.

फायबरग्लास म्हणजे काचेचे बारीक तंतू रेझिनमध्ये घट्ट बसवून केलेले कवच होय. लहान होडीत त्याची जाडी काही मिलिमीटरच असते. असे पातळ कवच एकटे राहिल्यास पत्र्यासारखे लवते. त्यास ताठपणा येतो तो आतील आधारांमुळे : तळाशी लांबीच्या दिशेने बसविलेले दांडे, आडव्या फासळ्या, बसण्याचे बाक आणि इंजिन लावावयाचे असल्यास मागील जाड फळी. या आधारांच्या पोटात बहुधा लाकूड किंवा फोम असून वरून काचतंतूंचे आवरण असते. काच कुजत नाही, पण आतील लाकूड कुजते. एखाद्या स्क्रूच्या छिद्रातून वा बारीक भेगेतून पाणी एकदा आत शिरले की ते बाहेर पडत नाही. बाहेरून होडी चांगली दिसते आणि आतील दांडा भुसा होऊन गेलेला असतो. अशी होडी काठाजवळ काही दर्शवीत नाही. जलाशयाच्या मध्यावर वारा सुटून लाटा उठल्या, जाळे व मासे यांचा भार असला, म्हणजे तळ लवू लागतो, सांधे सुटतात आणि पाणी आत येते. तेथून काठ पोहून गाठणे चांगल्या पोहणाऱ्यासही सोपे नसते.

सबब वर्षातून एकदा तरी होडी पाण्याबाहेर काढून तपासावी. ती रिकामी करून धुवावी व दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यावी. नंतर लाकडी मुठीने प्रत्येक दांड्यावर वीतभर अंतराने ठोकीत जावे. खणखणीत आवाज आला तर भाग सुस्थितीत आहे असे समजावे. बद्द आवाज आल्यास तेथे खडूने खूण करावी. आधार व कवच जेथे मिळतात त्या कोपऱ्यात पांढऱ्या रेषा दिसतात काय, हेही पाहावे. त्या सांधा सुटू लागल्याची खूण होत. बाहेरच्या बाजूस फासळीच्या बरोबर समोर चांदणीसारखी तडे असतील, तर त्या ठिकाणी कवच वारंवार वाकत आहे. शंका राहिल्यास दांड्याच्या माथ्यावरून लहान छिद्र पाडावे, मात्र ते तळापर्यंत नेऊ नये. निघालेला कीस कोरडा व फिकट असल्यास छिद्र रेझिनने बुजवून टाकावे. तो काळा, ओला व कुबट वासाचा असल्यास दांडा बदलणे प्राप्त आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आत फोम असेल तर तो केवळ साचा असतो. बळ वरच्या आवरणात असते. आवरण अभंग व कवचाला घट्ट चिकटलेले असल्यास फोम थोडा ओला झाला म्हणून लगेच दांडा फोडण्याची घाई करू नये. परंतु तळपाटाखालील फोम पाणी पिऊन बसला असेल, तर तो काढलाच पाहिजे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो भार, आणि तितका भार होडीच्या वाहनक्षमतेतून वजा होतो.

दुरुस्तीत सर्वांत मोठी चूक घडते ती आधार तोडण्यापूर्वीच. होडी कशीही आडवी टाकून सर्व दांडे एकदम कापले, तर कवच आपल्या भाराने वाकते. नवे दांडे बसल्यावर तो वाक कायमचा होतो, आणि होडी मग एका बाजूस ओढत राहते. याकरिता सपाट जागी वाळूने भरलेल्या पोत्यांवर ती तीन-चार ठिकाणी नीट टेकवावी. पुढे व मागे, दोन्ही काठांवर आडव्या दोऱ्या ताणून एका टोकाकडून पाहावे. दोऱ्या एकमेकींस समांतर दिसल्या तर पीळ नाही. काठांमधील रुंदी बदलू नये म्हणून आडव्या फळ्या बांधाव्या. जुन्या दांड्यांच्या जागा पेन्सिलीने आखून पुठ्ठ्याचे नमुने कापून ठेवावे. मगच एक दांडा काढावा, तो पूर्ण बसवावा, आणि नंतर दुसऱ्यास हात लावावा.

माशांचे तेल व चिखल तळात मुरलेला असतो. आधी साबणाच्या पाण्याने व नंतर ॲसिटोनने तो भाग स्वच्छ करावा. न धुताच घासल्यास तेल उलट काचेत चोळले जाते. नंतर जाड पॉलिशपेपरने दांड्याच्या दोन्ही अंगांस सुमारे १० सेंटिमीटर रुंद पट्टा रंग व चकाकी जाईपर्यंत घासावा. नवे रेझिन जुन्यात विरघळून एकजीव होत नाही. ते केवळ खडबडीत पृष्ठभागास धरून राहते, म्हणून या घासण्यावरच सर्व सांध्याची भिस्त आहे. भाग कोरडा आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चिकटपट्टीने बंद करून दिवसभर उन्हात ठेवावा. आतून दव साचल्यास अजून वाळवावे लागेल.

नवा दांडा कशाचा करावा? मराठवाड्यात चांगले लाकूड म्हटले की सागवान आठवते. परंतु सागातील नैसर्गिक तेलामुळे रेझिन त्यास नीट धरत नाही. आयएस ७१० प्रतीचे मरीन प्लायवूड किंवा कडक पॉलियुरेथेन फोम वापरणे इष्ट होय. मच्छीमारांजवळ थर्माकोल नेहमी असतो. तो मात्र मुळीच वापरू नये. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीनने थर्माकोल विरघळून जातो. प्लायवूडच्या सर्व कडांस, विशेषतः कापलेल्या तोंडांस, प्रथम रेझिन पाजावे. माथ्याच्या धारा गोल कराव्या, कारण तीक्ष्ण धारेवर काचतंतू बसत नाहीत. दांडा कवचावर दाबून न बसविता तीन-चार मिलिमीटर फट ठेवून ती रेझिनच्या लगद्याने भरावी व दोन्ही कोपरे अंगठ्याएवढे गोलाकार करावे. आडव्या फासळ्यांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यास छिद्रे ठेवून त्यांच्या कडाही रेझिनने बंद कराव्या.

आवरणासाठी ४५० ग्रॅमची काचतंतूंची चटई व ६०० ग्रॅमचे विणलेले कापड आलटून पालटून तीन-चार थर द्यावे. पहिला थर कवचावर ५ सेंटिमीटर, दुसरा साडेसात व तिसरा १० सेंटिमीटर पसरावा, म्हणजे ताण एकाच रेषेवर येत नाही. चटईस तिच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, तर कापडास जवळजवळ त्याच्याच वजनाइतके रेझिन लागते. रोलर फिरवून हवा काढावी. पांढरे ठिपके राहिले तर तेथे हवा राहिली आहे.

हार्डनर साधारणतः एक किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम, म्हणजे शेकडा एक ते दोन लागतो. मे महिन्याच्या उन्हात रेझिन डब्यातच गोठते, पावसाळ्यात दमटपणामुळे सांधा कच्चा राहतो आणि थंडीतील पहाटे ते लवकर धरत नाही. फेब्रुवारी-मार्चमधील सकाळ या कामास सोयीची. प्रथम थोडे रेझिन कालवून किती वेळात घट्ट होते ते पाहावे व पंधरा मिनिटांत संपेल तेवढेच एका वेळी तयार करावे.

हार्डनर व कोबाल्ट ॲक्सिलरेटर ही दोन द्रव्ये एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यांचा स्फोट होऊन आग लागते. बाजारात कोबाल्ट आधीच घातलेले रेझिन मिळते, तेच घ्यावे. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. चष्मा वापरावा, आणि तसे झालेच तर लगेच पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन दवाखाना गाठावा. काम मोकळ्या छपराखाली, विडी व चूल दूर ठेवून, तोंडास मास्क बांधून व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून करावे. काचेची धूळ अंगास खाजते आणि फुप्फुसासही बाधते. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

तळाच्या कवचाचेच थर मोठ्या क्षेत्रावर सुटले असतील, तर आधार बदलण्यात खर्च करणे व्यर्थ आहे. अशी होडी मोडीत काढावी, दुसऱ्यास विकू नये.

शेवटचा थर दिल्यावर किमान एक दिवस होडी हलवू नये व आठवडाभर तिच्यावर भार टाकू नये. नंतर काठालगतच्या उथळ पाण्यात, नेहमीच्या माणसांच्या व मालाच्या वजनाइतकी वाळूची पोती भरून ती अर्धा दिवस तरंगत ठेवावी. दोऱ्या पुन्हा ताणून पीळ पाहावा, पोती काढून प्रत्येक सांधा बोटाने चाचपावा. कोठेही पांढरी रेषा दिसल्यास तो भाग पुन्हा घासून बांधावा व तोपर्यंत होडी खोल पाण्यात नेऊ नये.