ऑर्फियस मागे का वळला?

पाश्चात्य ऑपेरा ऐकू लागल्यापासून मी ऑर्फियसपाशी पुन्हा पुन्हा येतो. त्यातून जे हाती लागलं, ते नव्याने ऐकणाऱ्यांसाठी.

१. आधी गोष्ट माहीत करून घ्या. युरिडिसी सर्पदंशाने मरते. तिचा नवरा ऑर्फियस गाण्याच्या बळावर तिला पाताळातून मागून घेतो. अट एकच : वर पोहोचेपर्यंत वळून पाहायचं नाही. तो पाहतो आणि ती कायमची जाते. गोष्ट ठाऊक असली की कान गाण्यासाठी मोकळे राहतात. मग प्रत्येक ऑपेराला मी एकच विचारतो : हा का वळला?

२. ऑपेरा कुठल्या प्रसंगी झाला, तेही पाहावं. संगीतासह टिकून राहिलेला सर्वांत जुना ऑपेरा म्हणजे याकोपो पेरीचा ‘युरिडिसी’. १६०० साली फ्लॉरेन्समध्ये, मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यांच्या लग्नसोहळ्यात तो झाला. लग्नघरात ताटातूट कशी दाखवणार? तिथे अटच नाही. दोघं सुखरूप परततात.

३. मॉन्टेव्हर्डीच्या ‘ऑर्फियो’साठी (मांतुआ, १६०७) सवड काढाच. तिसऱ्या अंकात ऑर्फियस पाताळाच्या नावाड्याला, केरॉनला, आळवतो. छापील स्वरलिपीत या गाण्याच्या दोन ओळी आहेत : एक साधी, दुसरी ताना-हरकतींनी भरलेली. ख्याल ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला ही दुसरी ओळ लगेच आपली वाटली. पण एवढं गाऊनही केरॉनला दया येत नाही. त्याला झोप लागते, आणि ऑर्फियस नाव घेऊन पलीकडे जातो! कलेची ताकद आणि तिची मर्यादा इतक्या जवळजवळ ठेवलेली मी दुसरीकडे ऐकलेली नाही. पाझर फुटतो तो पाताळाच्या राणीला. परतताना मागे कसलासा आवाज होतो, युरिडिसीला कोणी हिरावून नेतंय अशी भीती वाटते, आणि तो वळतो.

४. दुःख कोमल स्वरांतच असतं, हा समज ग्लुकपाशी सोडावा लागतो. व्हिएन्नात १७६२ साली आलेल्या त्याच्या ऑपेरात ऑर्फियसला न पाहण्याचं कारणही सांगता येत नाही. याचं प्रेम आटलं, असं वाटून युरिडिसी व्याकूळ होते. तिची तडफड न सोसून तो वळतो. त्यानंतरचा प्रसिद्ध विलाप मेजरमध्ये आहे, म्हणजे ढोबळमानाने आपल्या बिलावलच्या शुद्ध स्वरांत. कॅथलीन फेरियरच्या आवाजात तो ऐका. रडण्याचा आव कुठेच नाही, म्हणूनच सहन होत नाही.

५. ओफनबाखचा १८५८चा विनोदी ऑर्फियस ग्लुकनंतरच ऐकावा. त्याने ग्लुकच्या त्याच विलापाची चाल उचलली आहे. इथे नवरा-बायकोचं पटतच नाही, आणि देवांचा राजा ज्युपिटर वीज टाकून ऑर्फियसला दचकवतो, म्हणून तो वळतो.

६. युरिडिसीकडेही कान द्या. मॉन्टेव्हर्डीने तिला अगदी मोजकं गायला दिलंय. मॅथ्यू ऑकॉइनच्या ‘युरिडिसी’त (लॉस एंजेलिस, २०२०) मात्र गोष्टच तिची आहे. सारा रूल यांनी आपल्याच नाटकावरून त्याची संहिता लिहिली. पाताळात तिला तिचे वारलेले वडील भेटतात. नवऱ्यामागून चालताना तिचं मन त्यांच्यातही अडकलेलं असतं. इथे तीच ऑर्फियसला नावाने हाक मारते.