इतिहासात बी.ए. करून काय मिळणार? जव्हार-मोखाड्याच्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

बारावी कला शाखेचा निकाल लागला की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर येतं, "दुसरं काही नाही मिळालं तर इतिहास घेऊन टाक." शिक्षक मित्रांनो, पालकांनो, हे वाक्य आपण फार सहज बोलतो. इतिहास म्हणजे सनावळ्यांचं पाठांतर आणि त्याचा पोटापाण्याशी संबंध नाही, असं आपण मनात धरूनच चाललेलो असतो. पाठांतराबद्दल बोलायचं तर दोष थोडा आपला, शाळेतल्यांचाच आहे. आपण दहावीपर्यंत इतिहास तसाच घोटून घेतो. पदवीला मात्र हा विषय वेगळा होतो. कसा, ते आपल्याच भागातल्या एका गोष्टीवरून पाहू.

जव्हार संस्थानाच्या स्थापनेची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. मुकणे घराण्याचा मूळ पुरुष जयबा वारली प्रमुखाकडे गेला आणि म्हणाला, बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन दे. तो हो म्हणाला. मग जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकाला एक जोडल्या आणि त्या वेढ्यात जव्हारची जागा घेतली. ही गोष्ट १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. तिथे पुढे १३४३ हे साल येतं. जयबाचा मुलगा नेमशहा याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली, ते हे साल.

शाळेत आपण ही गोष्ट सांगतो, मुलं खूश होतात आणि तास संपतो. पदवीच्या वर्गात प्रश्न इथून सुरू होतात. कारण अगदी हीच गोष्ट आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कार्थेज शहराबद्दल सांगितली जाते. राणी डायडोने तिथल्या लोकांकडे बैलाच्या कातड्याएवढी जागा मागितली आणि वाद्या कापून अख्खी टेकडी घेरली! ही कथा रोमन लोकांना दोन हजार वर्षांपूर्वी माहीत होती. मग ती जव्हारला कशी आली? व्यापाऱ्यांच्या तोंडून फिरत फिरत आली? की दोन्हीकडे लोकांनी आपापली रचली? गॅझेटियर लिहिणारे साहेब लॅटिन शिकलेले असत, त्यांनी ऐकलेल्या गोष्टीला ओळखीचा आकार दिला असेल का?

माझ्या मते यापेक्षाही मोठा प्रश्न वेगळाच आहे. या गोष्टीत जमीन कुणाची गेली? वारली प्रमुखाची. आणि गोष्ट कुणाच्या बाजूने सांगितली आहे? जिंकणाऱ्याच्या. जयबा हुशार ठरतो, वारली भोळा ठरतो. वारली पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला हीच गोष्ट विचारली तर तो ती कशी सांगेल? इतिहासाचा विद्यार्थी हे शिकतो. गोष्ट खोटी म्हणून टाकून द्यायची नाही आणि खरी म्हणून डोक्यावरही घ्यायची नाही. कुणी सांगितली, कधी लिहिली, कुणासाठी लिहिली, हे विचारायचं.

शिरपामाळाचंही तसंच. शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीला जाताना जव्हारजवळ थांबले, विक्रमशहा राजांनी त्यांचं स्वागत केलं, शिरपेच दिला आणि म्हणून माळाचं नाव शिरपामाळ पडलं, असं सांगतात. सुरतेची स्वारी जानेवारी १६६४ ची, याला भक्कम पुरावे आहेत. माळाच्या नावाची व्युत्पत्ती मात्र लोकपरंपरेतली आहे. या दोन विधानांचं वजन सारखं नाही, एवढं मुलाला कळलं तरी तो अर्धा इतिहास शिकला म्हणा.

आता पोटापाण्याचा मुद्दा. आपल्या तालुक्यांत कितीतरी घरं वनपट्ट्याच्या दाव्यात अडकलेली आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे. त्या दिवसाच्या आधीपासून जमीन कसत होतो, हे आदिवासी कुटुंबाला दाखवावं लागतं. कशाने दाखवायचं? २००८ च्या नियमांतला नियम १३ वाचून पाहा. त्यात गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे कागद, नकाशे आहेत. घर, झोपडी, बांधबंदिस्ती, जुनी विहीर, दफनाची जागा, देवस्थान अशा जागेवरच्या खुणा आहेत. वंशावळ आहे. आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचं लेखी उतरवून घेतलेलं निवेदनसुद्धा आहे. यांतले एकाहून अधिक पुरावे जोडायचे असतात.

हा नियम आणि इतिहासाच्या पदवीचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचा. लिखित साधनं, भौतिक साधनं, मौखिक साधनं. तेच तर आहे! आजीला "तुझं लग्न झालं तेव्हा हे शेत होतं का?" असं विचारायचं, तिने साल सांगितलं नाही तर मोठा दुष्काळ किंवा गावात शाळा सुरू झाली त्या वर्षावरून काळ बसवायचा, मग तिचं म्हणणं दुसऱ्याच्या सांगण्याशी आणि कागदाशी ताडून पाहायचं. दावा वनहक्क समितीतून ग्रामसभेत, तिथून उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पुरावा नीट मांडणारं एक शिकलेलं पोर पाड्यावर असेल तर काय फरक पडतो, हे मी वेगळं सांगायला नको.

एक गंमत बघा. आपण "जव्हार-मोखाडा" एका दमात म्हणतो, पण स्वातंत्र्यापूर्वी जव्हार हे संस्थान होतं आणि मोखाडा शेजारच्या ब्रिटिश मुलखात, शहापूरला जोडलेला महाल. जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ चा. म्हणून एका ओढ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावाचे जुने कागद वेगवेगळ्या कारभारातले निघू शकतात. कागद कुठल्या दप्तरात शोधायचा, हे समजायलाही इतिहास लागतो. त्यातले बरेच मोडीत असतात. मोडी वाचणाऱ्याला जमिनीच्या आणि वंशावळीच्या कामांत आजही विचारणा असते, तेव्हा पदवीबरोबर मोडीचा एखादा वर्ग मुलांना जरूर करायला लावा. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. विद्यार्थ्यांची एक सहल तिकडे न्यायला काय हरकत आहे? राणीच्या बागेत आपण नेतोच की.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. नुसत्या बी.ए.वर नोकरी दारात येत नाही. शिक्षक व्हायचं तर बी.एड. आणि पुढच्या परीक्षा आहेत, कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट. एमपीएससी-यूपीएससीला कुठलीही पदवी चालते, इतिहास मात्र तिथल्या अभ्यासात आधीच येतो आणि यूपीएससीला तो वैकल्पिक विषय म्हणूनही घेता येतो. पण नोकरीच्या आधीची अडचण आपल्याकडे दुसरीच असते. मुंबईला होस्टेलवर ठेवायची ऐपत नसते, मुलीला तर लांब पाठवायला घर तयार नसतं. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय आहे, ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. कला शाखेची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, हेही पालकांना सांगा. इंग्रजीच्या भीतीने किती जण फॉर्मच भरत नाहीत. नव्या धोरणात तीन वर्षांनी पदवी मिळते आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. फॉर्म भरताना इतिहास मेजर म्हणून मिळतोय की मायनर, हे कॉलेजात विचारूनच सही करा. नंतर बदलायला धावपळ होते.

आणि नववी-दहावीच्या शिक्षकांनी पदवीची वाट कशाला पाहायची? मोखाड्याचा बोहाडा घ्या. मुखवटा कोण करतं, कोणतं सोंग कोणत्या घराकडे आहे, ते त्या घराकडे कधीपासून आहे, हे मुलांना तीन वेगवेगळ्या माणसांना विचारायला लावा. तिघांची उत्तरं जुळणार नाहीत. न जुळलेली उत्तरं खोडू देऊ नका, वहीत तशीच शेजारी शेजारी लिहून घ्या आणि ती का जुळत नाहीत यावर एक तास बोला. फक्त हे काम पावसाळ्यातच उरका. दिवाळीनंतर निम्मी घरं वीटभट्टीवर गेलेली असतात, मग विचारायला पाड्यावर कोणी सापडत नाही.