रुंद पडदा म्हणजे एचडी नव्हे

जुने चित्रपट आणि कॅसेटवरची चित्रणे आजच्या टीव्हीवर लावून दाखवण्यात माझी बरीच वर्षे गेली. ‘एचडी असेल तर चित्र रुंदच हवं ना?’ असे कुणी ना कुणी विचारतेच. त्यातून मनाशी पक्के झालेले काही:

1. बारकावा वेगळा, आकार वेगळा. चित्र किती रेषांचे, किती पिक्सेलचे, यावर बारकावा ठरतो. फ्रान्समध्ये 1949 पासून 819 रेषांचे प्रक्षेपण होत असे आणि त्याची चौकट 4:3 होती. उलट आपल्याकडच्या डीव्हीडीवरचा 16:9 चित्रपट जेमतेम 720×576 पिक्सेलचा. रुंद आहे, पण एचडी नाही.

2. तरीही प्रमाणित एचडीची चौकट रुंदच आहे, हे मान्य करायला हवे. 1920×1080 आणि 1280×720 ही दोन्ही मापे 16:9 ची. पण ती तंत्राची सक्ती नव्हती, सर्वांनी मिळून केलेली निवड होती. जपानच्या एनएचकेने आधी 5:3 धरले होते. पुढे 1980च्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स यांनी चित्रपटांच्या निरनिराळ्या चौकटी सारख्या क्षेत्रफळाच्या करून एकमेकींवर ठेवल्या. सगळ्यांना सामावणारी बाहेरची चौकट आणि सगळ्यांत सामाईक असलेला आतला भाग, दोन्ही जवळपास 16:9 निघाले. मला हा तोडगा मनापासून पटतो. कुठल्याच चित्रावर त्यात फार मोठा अन्याय होत नाही.

3. काळे पट्टे राहू द्यावेत. 4:3 चे चित्र एचडी चौकटीत 1440×1080 एवढी जागा घेते, दोन्ही कडांना 240-240 पिक्सेल काळे राहतात. उंचीचे सगळे 1080 पिक्सेल चित्राला मिळतात, म्हणजे एचडीपणात काही उणे होत नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) असाच पाहावा. दामले-फत्तेलालांनी माणसे, घर, आकाश त्या जवळजवळ चौकोनी चौकटीत तोलून बसवले आहेत. ‘पडदा भरत नाही’ म्हणून झूम केले की वरखालचे मिळून चित्राचा पाव भाग जातो. वैकुंठगमनाच्या दृश्यातले आकाश कापायचे, तर मग पाहायचे काय? ‘द सिम्पसन्स’चे जुने भाग 2019 मध्ये डिस्ने प्लसवर असेच कापून आले, कडेचे विनोदच गायब झाले. प्रेक्षक हटून बसले आणि 2020 मध्ये मूळ आकाराचा पर्याय मिळाला. असा आग्रह आपणही धरावा.

4. ताणणे तर त्याहून वाईट. चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. पाहणाऱ्याला हळूहळू त्याची सवय होते, हे मला जास्त खुपते.

5. फाइलच्या आकड्यांवर विसंबू नये. 1440×1080 लिहिलेले दिसले की 4:3 असेल असे वाटते. पण एचडीव्ही कॅमेरे 16:9 चे चित्रसुद्धा याच मापात साठवत, दाखवताना ते रुंद व्हायचे. अशा वेळी मी समोरून घेतलेले गोल घड्याळ किंवा बाजूने दिसणारे सायकलचे चाक शोधतो. ते गोल दिसेपर्यंत रिमोटवरची ‘पिक्चर साइज’ बदलायची, आणि मग झूमच्या बटणाला हात लावायचा नाही.